थ्रो-इनच्या रेषेवर

२०२५ च्या १५ ऑगस्टच्या रात्री बारा वाजता आमच्या गल्लीतल्या देवळात पाळणा हलला, बायको सुंठवडा घेऊन घरी आली आणि साडेबाराला मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा टीव्हीपुढे बसलो. लिव्हरपूल विरुद्ध बोर्नमथ. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या नव्या हंगामाचा पहिला सामना, तोही लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर, तोही गतविजेत्यांचा. बाहेर आपला बेळगावचा पाऊस, धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. सकाळी उद्यमबागेत फर्स्ट शिफ्ट होती. तरी बसलो. आपल्या इंडियन सुपर लीगचा तर तेव्हा पत्ताच नव्हता, लीग चालवायचा करार डिसेंबरात संपत होता म्हणून हंगाम अडकून पडला होता. गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर चोर्ला घाटातून गाडी घालून जाणारे आम्ही लोक तेव्हा टीव्हीवरच तहान भागवत होतो.

सामन्याआधीच डोळे भरून आले होते. ३ जुलैला स्पेनमध्ये गाडीच्या अपघातात लिव्हरपूलचा फॉरवर्ड दिओगो जोटा गेला, सोबत धाकटा भाऊ आंद्रे सिल्वाही गेला. जोटाच्या लग्नाला अकरा दिवस झाले होते. क्लबने त्याची २० नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. त्या रात्री प्रेक्षकांनी हातात कार्डं धरून दोघा भावांची आद्याक्षरं आणि जर्सीचे नंबर उभे केले. विसाव्या मिनिटाला सगळं मैदान जोटाचं गाणं म्हणायला लागलं. पोरगं माझ्याकडे बघत होतं, मी टीव्हीकडे.

आणि अर्धा तास व्हायच्या आत त्याच मैदानावर खेळ थांबला.

बोर्नमथचा अँटोइन सेमेन्यो थ्रो-इन घ्यायला, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हाताने आत फेकायला, रेषेवर गेला होता. लंडनमध्ये जन्मलेला, घानाकडून खेळणारा पोरगा. प्रेक्षकांतल्या एकाने त्याच्या कातडीवरून त्याला शिवी घातली. सेमेन्योने सरळ जाऊन रेफ्रीला सांगितलं. रेफ्री अँथनी टेलरने खेळ थांबवला, दोन्ही प्रशिक्षकांना आणि कॅप्टनना बोलावलं. टीव्हीवर आधी काही कळेना. मुलाने विचारलं, "पप्पा, कुणाला लागलं काय?"

पुढचं सगळ्यांनी बघितलंय. लिव्हरपूलच्या एकितिकेने पहिला गोल घातला, हाफटाइमनंतर गाकपोने दुसरा. मग ६४ व्या मिनिटाला सेमेन्यो, आणि ७६ व्या मिनिटाला परत सेमेन्यो. तो दुसरा गोल मी कितीदा पाहिला असेन. आपल्या अर्ध्यातून चेंडू घेऊन निघाला, आमची सगळी बचावफळी मागे पळतेय, आणि लांबच्या कोपऱ्यात खालून ठेवला. दोन-दोन. लिव्हरपूलचा फॅन म्हणून पोटात गोळा आला. ८८ व्या मिनिटाला कियेसाने उडवलेला व्हॉली आत गेला तेव्हा आम्ही बापलेक इतके ओरडलो की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी काठी आपटली. शेवटी सालाहने चौथा घातला आणि शिट्टीनंतर कोपपुढे, म्हणजे लिव्हरपूलच्या कट्टर प्रेक्षकांच्या स्टँडपुढे, उभा राहून रडला.

शिवी देणाऱ्या त्या माणसाला मैदानाबाहेर काढलं, पुढे पोलिसांनी अटक केली. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. मी चव्वेचाळीसचा आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. शिफ्टच्या मधल्या सुट्टीत मोबाइल उघडला तर आमच्या लिव्हरपूलवाल्यांच्या ग्रुपवर दोनशेच्या वर मेसेज. कॅम्प, टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, दोघे-तिघे खानापूरचे, सगळे जुने ग्राउंडवरचे मित्र. नव्या विर्ट्झवर बोनस धरून ११६ मिलियन पाऊंड घातले, मग तो दिसला कुठे? केरकेझ आपल्या जुन्या क्लबविरुद्ध, बोर्नमथविरुद्ध बावरला. दोनच्या आघाडीवर डिफेन्स इतका वर कशाला चढवायचा? बोर्नमथच्या सेनेसीचा हँडबॉल होता की नाही, व्हिडिओ तपासणारे व्हीएआरवाले झोपले होते काय? सगळं बरोबर आहे, पहिल्या सामन्यानंतर हेच बोलायचं असतं. मीही डिफेन्सवर दोन मेसेज टाकले.

सेमेन्योबद्दल दोनशेत चार मेसेज होते. एकाने लिहिलं, एका येड्याने केलं, त्याचं काय एवढं. दुसऱ्याने लिहिलं, "त्याला डिवचलं म्हणून पेटला गा, नाहीतर दोन गोल कुठले घालतोय." त्याखाली पाच हसरे चेहरे. तिसरा म्हणाला, ग्राउंडवर एवढं चालायचंच.

हे तिघेही माझे चांगले मित्र आहेत. पण या तीन वाक्यांवर मला बोललंच पाहिजे.

शिवी बसल्यावर तो चांगला खेळला, हे शिवी देणाऱ्याचं कर्तृत्व कसं झालं? कुणी कानफटात मारली म्हणून माणूस जोरात पळाला, तर मारणाऱ्याला कोच म्हणायचं काय? तो गोल सेमेन्योच्या पायातला होता, त्याच्या दमाचा होता, आठवडेच्या आठवडे केलेल्या सरावाचा होता. तेवढं ऐकून घेऊन उरलेला तासभर तो डोकं शांत ठेवून खेळला. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या साथीदारांचे, लिव्हरपूलच्या खेळाडूंचे आणि प्रेक्षकांचेसुद्धा आभार मानले.

आणि "चालायचंच" हा शब्द मी ज्या ठिकाणी ऐकलाय ते मैदान अ‍ॅनफिल्डपासून फार लांब आहे. आपल्याच गावातलं आहे.

सहा-सात वर्षं झाली. सेव्हन-ए-साइडची, सात-सात जणांच्या संघांची स्पर्धा होती. आपल्याकडे जाळी नसते, कट्टा नसतो. फक्की मारलेली रेषा, आणि रेषेला पाय लावून माणसं उभी. एका संघात आफ्रिकेतून आपल्या गावात शिकायला आलेला एक पोरगा खेळत होता. कुठल्या देशाचा, हे कुणी विचारलंच नाही. आमच्या लेखी असे सगळे नायजेरियनच. माईकवर कॉमेंट्री चालू होती, मराठीत, कन्नडमध्ये, मधूनच इंग्रजीत. सगळ्या खेळाडूंची नावं घेत होते, याला मात्र "कालिया". "कालियाने चेंडू काढला, कालिया पळतोय." कौतुकानेच म्हणत होते. लोक टाळ्या वाजवत होते.

सेकंड हाफमध्ये तो थ्रो-इनला आमच्या पुढ्यात आला. हात लांब केला तर पाठीला लागेल इतका जवळ. चेंडू डोक्यामागे धरला, आणि माझ्या डाव्या बाजूच्या एकाने माकडाचा आवाज काढला. मग अजून दोघांनी. पोरं हसली. त्याने चेंडू खाली आणला, जर्सीला पुसला, परत डोक्यामागे नेला आणि फेकला. चेंडू कोरडाच होता. दिवाळीनंतरचं ऊन होतं, मैदानावर धूळ उडत होती. पुसायचं काही कारणच नव्हतं.

मी हसलो होतो. मोठ्याने नाही, पण हसलो होतो. रेफ्रीने ऐकलं असणार, तो दहा पावलांवर होता. शिट्टी वाजली नाही. आयोजकांतला कुणी उठला नाही. आणि तो पोरगाही कुणाकडे गेला नाही, कारण आपल्या मैदानावर असं सांगायला कुणाकडे जायचं हेच ठरलेलं नव्हतं. सेमेन्योला माहीत होतं. रेफ्रीला सांगितलं की खेळ थांबतो, दोन्ही कॅप्टन येतात, माणूस शोधला जातो, असा तिथे नियम आहे. तो नियम आभाळातून पडला नाही. तिथल्या काळ्या खेळाडूंनी वर्षानुवर्षं सोसून, बोलून, भांडून तो करून घेतलाय.

आपण सीमाभागातली माणसं आहोत, म्हणून मला हे जास्तच लागतं. मी दहावीत असताना वडिलांबरोबर एका कचेरीत गेलो होतो. अर्ज मराठीत लिहिला म्हणून त्यांना काउंटरवरून परत पाठवलं. वडील काही बोलले नाहीत, कागदाची घडी घालून खिशात ठेवली. काउंटरवरचा माणूस कसा दिसत होता ते मला आता आठवत नाही. मागच्या रांगेतले दोघे-तिघे हसले, ते हसू आठवतं. तीस वर्षं होत आली. तो पोरगाही आज जिथे कुठे असेल तिथे त्याला आवाज काढणारा आठवत नसेल कदाचित. आमचं हसणं आठवत असेल.

भाषेवरून कुणी कमी लेखलं की आपण पेटून उठतो, आणि उठलंच पाहिजे. मग कातडीवरून दुसऱ्याला कमी लेखताना आपल्या तोंडून हसू कसं येतं?

हे बेळगावातच होतं असं नाही. मार्च २०२४ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात सेव्हन्सच्या सामन्यात आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूला प्रेक्षकांनी पळवून पळवून मारलं. कातडीवरून शिव्या घातल्या, दगड मारले, अशी तक्रार त्याने दिली. त्याच हंगामातली इंडियन सुपर लीगची सुरुवात आठवा, २१ सप्टेंबर २०२३, कोची, केरळा ब्लास्टर्स आणि बेंगळुरू. ब्लास्टर्सच्या, मेघालयच्या ऐबान डोहलिंगकडे बघून बेंगळुरूच्या खेळाडूने नाकाशी हात नेला, हा वंशद्वेषी हावभाव आहे, अशी ब्लास्टर्सने तक्रार केली. तेव्हाही आम्ही बेंगळुरूच्या फॅन लोकांनी ग्रुपवर काय लिहिलं होतं? "जाऊ दे गा, हरवलं ना आपल्याला, अजून काय पाहिजे त्यांना." तो मेसेज माझाच होता, परवा खाली खाली जाऊन शोधून काढला. तक्रार खरी की खोटी हे ठरवणारे वेगळे होते. मला निदान त्या डोहलिंगला काय वाटलं असेल एवढा विचार करायला हरकत नव्हती.

मी डाव्या बाजूने बॅक खेळायचो. आमचा गोलकीपर कन्नड, स्टॉपर कॅम्पातला उर्दू बोलणारा, पुढे कोकणी बोलणारे दोघे. एकमेकांच्या भाषेतल्या शिव्या आम्हाला तोंडपाठ होत्या आणि त्या आम्ही मनापासून दिल्या. शिव्या सगळ्या बंद करा असं सांगायला मी आलेलो नाही. पास चुकला म्हणून घातलेली शिवी पासाला असते, पुढचा पास बरोबर दिला की ती संपते. आई-बापाने दिलेल्या रंगाला घातलेली शिवी पुसायला त्या पोराने काय करायचं? चेंडू जर्सीला पुसला, तसं?

गणपती झाले, पाऊस उघडला की आपल्या स्पर्धा सुरू होतील. आयोजकांतले बरेच जण ही पोस्ट वाचतील म्हणून सांगतो. किक-ऑफच्या आधी रेफ्रीने दोन्ही कॅप्टनना सांगावं की असं काही कानावर आलं तर सरळ माझ्याकडे यायचं, मी खेळ थांबवणार. माईकवरच्याने सगळ्यांना सांगावं, आणि पहिल्यांदा स्वतः खेळाडूला त्याच्या नावाने हाक मारावी. नाव म्हणायला अवघड असेल तर सामन्याआधी त्यालाच विचारून घ्यावं. याला पैसे लागत नाहीत. थांबवलेल्या खेळाची पाच मिनिटं लागतील. जोटासाठी अख्ख्या मैदानाने एक मिनिट दिलं तेव्हा आपण इथे घरात उभे राहिलो होतो.

मुलाला मी त्या रात्री सेमेन्योबद्दल सगळं सांगितलं. माझ्याबद्दल दोन दिवसांनी सांगितलं, सरावाहून परत येताना गाडीवर. तो मागे बसला होता, तोंड दिसत नव्हतं. गोवावेसच्या सिग्नलवर त्याने विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

त्याची जर्सी ११ नंबरची होती, एवढंच मला माहीत आहे. त्या वर्षी त्या संघात खेळलेलं किंवा त्या मुलाबरोबर शिकलेलं कुणी हे वाचत असेल तर मला मेसेज करा. नाव इथे खाली लिहू नका, मलाच कळवा. मला त्याच्याशी बोलायचं आहे.