एसी लावला की काटा वर का जातो? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं : एसीचा इंजिनावर भार पडतो हे मी ठोकून दिलं. भार पडला असता तर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, उतरले असते, पण तुमच्या गाडीत एसी लावला की काटा साडेसातशेवरून नऊशेवर जातो. म्हणजे ही कंपनीनं केलेली पेट्रोल जाळायची सोय, आणि तुम्ही मेस्त्रीकडून आयडलचा (गाडी उभी असताना इंजिन ज्या वेगानं फिरतं त्या वेगाचा) स्क्रू कमी करून घेणार.

आधी त्या स्क्रूला हात लावू देऊ नका. मग पुढचं वाचा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, हयात घालवलेल्या माणसाला ऑईल इंजिनचा गव्हर्नर मी काय समजावणार! गुऱ्हाळात घाण्यात ऊस सरकवला की इंजिन क्षणभर दबतं, गव्हर्नर डिझेल वाढवतो, आणि ते परत लयीत येतं. मोटारीत हे काम ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, करतो. फरक एवढाच, की ऊस येणार हे त्याला आधी कळतं. तुम्ही बटण दाबता तेव्हा फक्त निरोप जातो. ईसीएम आधी हवेची वाट थोडी उघडतो, त्या हवेच्या हिशेबानं पेट्रोल वाढवतो, आणि मग एसीच्या कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणाऱ्या क्लचला करंट देतो. बॉनेट उघडून उभे राहिलात तर तो 'टक्' आवाज ऐकू येईल. हवा सिलिंडरपर्यंत पोचायला जो क्षण लागतो, तेवढ्यात स्पार्कची वेळ पुढेमागे करून तोल सांभाळला जातो. म्हणून काटा खाली गेलेला तुम्हाला दिसतच नाही.

बरं, मग साडेसातशेच का धरून ठेवत नाही? काही गाड्या धरतात. पण कॉम्प्रेसर आयडललाही एक-दोन किलोवॉट खेचतो, वर रेडिएटरचा पंखा आणि ब्लोअर वीज करणाऱ्या अल्टरनेटरच्या बोकांडी. एवढं ओझं घेऊन छोटं इंजिन, त्यात तीन सिलिंडरचं, साडेसातशेवर धडधडतं. शिवाय कॉम्प्रेसर बेल्टवर फिरतो. इंजिन हळू फिरलं की गारवाही कमी. म्हणून थोडा वेग वाढवलेला बरा. काटा वर जातो तो भारामुळेच. खात्री हवी असेल तर जुनी कार्बोरेटरची गाडी आठवा. तिच्यात वेग वाढवायचं काम इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारं आयडल-अप नावाचं उपकरण करायचं, आणि त्याचा पाइप फाटला की ताराराणी चौकात सिग्नलला एसी चालू ठेवून उभी असलेली गाडी थरथरून बंदच पडायची.

पेट्रोल जास्त जातं, हे तुमचं खरं. पण छोट्या पेट्रोल गाडीला आयडलवर तासाला साधारण अर्धा-पाऊण लिटर लागतं. दीड मिनिटाच्या सिग्नलला एसीची भर म्हणजे चहाचे एक-दोन चमचे. एप्रिलच्या उन्हात मी तरी तेवढ्यासाठी घाम काढणार नाही. अर्धा तास सावलीत गाडी चालू ठेवून झोपणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

आता स्क्रू. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) गाडीत आयडलचा स्क्रू नसतोच. जुन्या इंजेक्शनच्या गाडीत दिसतो तो थ्रॉटलचा स्टॉप, कारखान्यात बसवून सील केलेला. तो फिरवला तर ईसीएम दुसरीकडून हवा देऊन आयडल जागेवर आणायला बघेल, आणि त्याच्या आवाक्याबाहेर गेलं की गाडी सिग्नलला बंद पडायला लागेल. तेव्हा मेस्त्री म्हणेल, "सेन्सर गेलाय."

नऊशेवर काटा स्थिर असेल तर गाडी ठणठणीत आहे. कॉम्प्रेसरचा क्लच बसताना तो सहाशेच्या खाली आपटत असेल किंवा सारखा वर-खाली नाचत असेल, तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करून घ्या. गाडीच्या पुढच्या बाजूचा एसीचा जाळीदार कंडेन्सरही बघा. आपल्याकडे ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या मागून जाऊन त्यात धूळ-पाचट बसतं, गॅसचं प्रेशर चढतं आणि कॉम्प्रेसर जड होतो. काटा जागेवर पण स्टीअरिंग थरथरतंय, तर बहुधा इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे ते ज्या रबरावर बसतं ते, दबलंय.

गाडीचं मॉडेल आणि साल तुम्ही लिहिलेलं नाही. ते, आणि इंजिन गरम झाल्यावर एसी चालू-बंद दोन्ही वेळचे आरपीएम कळवा.