या टेबलावरून त्याच टेबलावर

आमच्या घरात यंत्रं चार आणि त्यांची तोंडं चार दिशांना. बायकोचा फोन एका कंपनीचा, माझा दुसरीचा, लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम तिसरीच, आणि मुलीचा टॅब्लेट कुणाचंच ऐकत नाही, पण तो बहुधा संगतीचा परिणाम असावा. एरवी ही मंडळी एकाच वायफायवर गुण्यागोविंदाने नांदतात, एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चार्ज होतात. ‘याच्यातली फाइल त्याच्यात टाक’ म्हटलं की मात्र सात पिढ्यांचं वैर उफाळून येतं.

१९७७ साली सोडलेलं नासाचं व्हॉयेजर-१ हे अंतराळयान आज पृथ्वीपासून २४ अब्ज किलोमीटरहून लांब आहे. तिथून ते सेकंदाला १६० बिट अशा गोगलगायीच्या गतीने का होईना, पण माहिती पाठवतं आणि ती इथे पोचते. माझ्या टेबलावर फोन आणि लॅपटॉप यांच्यात जेमतेम वीतभर अंतर आहे. नासाचं बरं आहे म्हणा, दोन्ही टोकं त्यांचीच.

अशा वेळी लोक काय करतात, हे उघड गुपित आहे. स्वतःच स्वतःला मेल करतात. विषयाच्या जागी ‘कखग’ नाहीतर काहीच नाही. माझ्याशी सर्वांत जास्त पत्रव्यवहार मीच केलेला आहे आणि त्यातल्या एकाही पत्राला मी उत्तर दिलेलं नाही. पण मेलची झेप साधारण २५ एमबीपर्यंत, आणि तीही पूर्ण हाताला लागत नाही. ईमेलचे नियम १९८२ साली ठरले ते साध्या मजकुरासाठी. त्यामुळे फोटोला अजूनही अक्षरांचा वेष चढवून पाठवावं लागतं आणि त्या वेषात तो एक तृतीयांशाने फुगतो. अठरा-एकोणीस एमबीच्या पुढे गेलात की दार बंद.

मग चॅट. त्यासाठी मी एक ग्रुप काढला, मेहुण्याला त्यात घेतलं आणि दुसऱ्या मिनिटाला काढून टाकलं. आता ग्रुपात मी एकटा आणि ॲडमिनही मीच. “भाऊजी, माझं काही चुकलं का?” असा त्याचा फोन आला होता. त्याला काय सांगणार? शिवाय तिथे पाठवलेला फोटो वाटेत इतका वाळतो की माणसं ओळखू येतात, पण वय कळत नाही. काही नातेवाइकांना हे आवडतं. फोटो धडधाकट पोचवायचा तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा लागतो. म्हणजे मेलमध्ये त्याने अक्षर व्हायचं आणि चॅटमध्ये कागदपत्र. फोटो म्हणून त्याला कुठेच मान नाही.

हे सगळं फोटोंपुरतं. मुलीच्या नाटकाचा व्हिडिओ बायकोने काढला तो बारा मिनिटांचा, ४.८ जीबीचा. “तेवढा लॅपटॉपवर घ्या हो, माझा फोन भरलाय,” असं तिने सहज म्हटलं. पाणी आणून द्या म्हणावं इतकं सहज.

केबल लावली. फोन चार्ज होऊ लागला. एवढंच. काही केबलींत वीज वाहायच्या तारा असतात, माहिती वाहायच्या नसतातच, आणि बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. दुसरी केबल शोधली तर फोनने विचारलं, ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का?’ मी ‘हो’ म्हटलं. फोल्डर उघडलं, आत शेकडो फाइली, सगळ्यांचं नाव आयएमजी आणि पुढे आकडे. कॉपी लावली. एक मिनिट शिल्लक. मग तीन तास. मग बारा सेकंद. मग फोनची स्क्रीन लॉक झाली आणि शिल्लक काहीच राहिलं नाही.

तेव्हा पेन ड्राइव्ह. याच्याबद्दल मला खरोखर आदर आहे, कारण तो कुणालाही लावा, निदान ‘कोण तुम्ही?’ म्हणत नाही. ३२ जीबीचा, त्यात २५ जीबी मोकळी. तरी निरोप आला, ‘फाइल फार मोठी आहे.’ हा एफएटी३२ या, ड्राइव्हवर फाइली रचून ठेवायच्या मांडणीचा प्रताप. १९९६ सालची ही मांडणी फाइलचा आकार ३२ बिटांत लिहिते, म्हणून ४ जीबीच्या पुढची फाइल तिच्या हिशेबात बसतच नाही. घर रिकामं असलं तरी चौकटीतून कपाट आत येत नाही, त्यातलाच प्रकार. उपाय आहे: एक्सफॅट नावाची २००६ सालची मांडणी, जी आता जवळजवळ सगळ्यांना चालते. तिच्यात फॉरमॅट करायचा, पण फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जाणार. म्हणजे आधी आतल्या फाइली दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रावर हलवा. आपण इथे मुळात कशासाठी आलो होतो?

क्लाउडचा विचार मी केला नाही असं नाही. व्हिडिओ घरातून निघून कुठल्याशा दूरच्या डेटा सेंटरला जाणार आणि तिथून वीतभर अंतरावर परत येणार, यात काही गैर नाही. पण फुकटातली १५ जीबी कधीच भरली होती. बहुतेक मीच मला पाठवलेल्या मेलींनी.

उरलं घरचं वायफाय. लॅपटॉपवर फोल्डर शेअर केलं, फोनमधून त्याचा पत्ता टाकला. त्याने नाव आणि पासवर्ड विचारला. रोज चार आकडी पिन दाबून मी ज्या लॅपटॉपात शिरतो, त्याला नेटवर्कवरून तो पिन मुळीच चालत नाही. त्याला हवा असतो खात्याचा मूळ पासवर्ड. तो एका नोंदीत लिहिलेला आहे. नोंद फोनवर आहे. माझ्या नव्हे, जुन्या.

तोही सापडला. मग व्हिडिओच्या नावावर गाडी अडली. बायकोने नाटकाचं नाव जसंच्या तसं दिलं होतं, शेवटी प्रश्नचिन्हासकट, आणि विंडोजला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. तिथे ‘सीओएन’ या इंग्रजी अक्षरांचं फोल्डरही काढू देत नाहीत, कारण विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टिमच्या जमान्यात ते कन्सोलचं, म्हणजे कीबोर्ड आणि पडद्याचं, राखीव नाव होतं. डॉस गेला, आरक्षण राहिलं. मी प्रश्नचिन्ह काढलं. नाटक विधानार्थी झालं.

आणि रात्री उशिरा का होईना, ४.८ जीबी सहीसलामत लॅपटॉपवर उतरली. मी दिवे मालवून, पाय पसरून व्हिडिओ लावला. पडदा काळा, आवाज मात्र खणखणीत. फोनने चित्रं एचईव्हीसी पद्धतीने दाबून ठेवली होती आणि ती उलगडायचा कोडेक लॅपटॉपकडे नव्हता. मी तसाच बसून राहिलो. टाळ्या झाल्या, कुणीतरी खोकलं, मग मुलीचं लांबलचक स्वगत आलं.

“पाहिलात का हो?” आतून आवाज आला.

“ऐकला,” मी म्हटलं.