वायच्या लोकांनी कॉलेज घालवलं नाही

नमस्कार,

इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या वाय गावावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया सविस्तर उत्तर देण्यासारखी आहे, म्हणून वेगळं लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सुखवस्तू गोऱ्यांच्या एका गावाने आपल्या खिडकीतला देखावा वाचवण्यासाठी विज्ञानाचं मोठं केंद्र हाणून पाडलं, त्या नादात साडेपाचशे वर्षांचं कॉलेजही घालवलं, आणि मी मराठी माणूस असून त्याचे गोडवे गातोय. मुळशीच्या धरणाखाली गावं गेली तेव्हा कुणी अशा टेकड्यांचं कौतुक केलं होतं का, असंही तुम्ही विचारलंय. आणि शेवटी, मी स्वतः कुठल्या घरात राहतो?

कॉलेज घालवल्याचा आरोप आधी घेतो, कारण तिथे तुमची सनावळीच उलटी लागली आहे. याच पंचक्रोशीत जन्मलेल्या जॉन केम्प या कार्डिनलने 1447 मध्ये हे कॉलेज काढलं, ते धर्मगुरूंसाठी. त्या जुन्या इमारतींमध्ये 1894 मध्ये शेतकी कॉलेज आलं आणि शंभर वर्षं नांदलं. 2000 मध्ये ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये विलीन झालं. तिथला शेतीविज्ञानाचा विभाग बंद करायचं इम्पीरियलने जाहीर केलं 2004 मध्ये. इम्पीरियलच्याच मोठ्या संशोधन केंद्राची घोषणा झाली डिसेंबर 2005 मध्ये. म्हणजे गावाने विरोधाचा पहिला फलक रंगवण्याआधीच ज्यासाठी वाय ओळखलं जायचं ते शिक्षण गुंडाळायचं ठरलेलं होतं. 2009 मध्ये शेवटचे विद्यार्थी गेले. त्याचं खापर गावावर कसं फोडता?

आता त्या केंद्राबद्दल. घोषणेत 1 अब्ज पौंडांचा आकडा होता, पिकांपासून इंधन आणि कच्चा माल तयार करण्याचं संशोधन होतं, केंटचं काउंटी कौन्सिल आणि शेजारच्या ॲशफर्ड शहराचं बरो कौन्सिल, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्था, सोबत उभ्या होत्या. ऐकायला झकास. 2006 मध्ये आतले कागद बाहेर आले तेव्हा कळलं की याच योजनेच्या पोटात 4,000 पर्यंत घरं आहेत. अख्ख्या गावची वस्ती दोन-अडीच हजार! आणि जमीन केंट डाउन्स या टेकड्यांच्या संरक्षित पट्ट्यातली, 1968 पासून तो दर्जा असलेली. अशा जमिनीला शेतीचा भाव असतो. तिच्यावर घरं बांधायची परवानगी मिळाली की भावापुढे किती शून्यं चढतात, हे पुण्याच्या आसपास एनए प्लॉटचे व्यवहार पाहिलेल्या माणसाला मी काय सांगणार? साध्या बिल्डरला तिथे कुणी उभं केलं नसतं. नामांकित विज्ञानसंस्था पुढे असली की नियमाला अपवाद मागता येतो. माझा राग या चालीवर आहे, प्रयोगशाळेवर नाही. सप्टेंबर 2006 मध्ये इम्पीरियलने योजना सोडून दिली.

विज्ञानाचं या गावाला वावडं होतं हे तर अजिबातच पटत नाही. अर्नेस्ट सामन यांनी 1906 पासून इथे हॉप्सच्या नव्या जाती तयार करायला घेतल्या. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीची बोंडं. कॅनडातल्या मॅनिटोबामधून आणलेल्या रानवेलीपासून त्यांनी ब्रूअर्स गोल्ड काढली. तिचं रक्त आज जगभरच्या कितीतरी जातींमध्ये आहे. पुढे याच कॉलेजातून टार्गेट, चॅलेंजर, नॉर्थडाउन आल्या. (बिअर पिणाऱ्या वाचकांनी हा परिच्छेद जास्त आदराने वाचावा.)

ॲशफर्डहून कँटरबरीला जाणाऱ्या गाडीत उजव्या बाजूला बसलात तर वायच्या वरच्या उतारावर पांढराशुभ्र मुकुट दिसतो. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी 1902 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी गवताचा थर खणून काढून खालचा पांढरा खडूचा खडक उघडा केला, तो हा मुकुट. मला राजाचं सोयरसुतक नाही. पण उतारावर उभं राहून खाली पाहिलं की चर्चचा बुटका मनोरा दिसतो. जुना 1686 मध्ये कोसळला, मग चर्च आखूड करून बांधलं. त्याला खेटून कॉलेजची कौलारू छपरं. चर्च कुठे संपलं आणि कॉलेज कुठे सुरू झालं हे वरून सांगता येत नाही. गावाने कॉलेजला परकं मानलंच नव्हतं, म्हणून तर ते कागद इतके झोंबले. बाहेरच्याने गंडवलं तर माणूस चरफडतो, घरच्याने गुपचूप सातबारा फिरवला तर कोर्टात जातो.

मुळशीबद्दल तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्याच्याशी मी वाद घालणार नाही. सेनापती बापटांच्या मागे जे मावळे 1921 मध्ये सत्याग्रहाला उभे राहिले, त्यांची घरंदारं, शेतं, देवळं जात होती. वायमध्ये कुणाचं घर बुडत नव्हतं. इथल्या लोकांकडे वकील होते, पत्रकार होते, माहिती अधिकाराचे अर्ज करायला सवड होती. पण म्हणून त्यांनी गप्प बसायला हवं होतं? ज्याच्याकडे साधनं आहेत त्याने बंद दाराआडचे करार उजेडात आणले तर मला आनंदच होतो. मुळशीकरांना ती साधनं मिळाली नाहीत हा अन्याय आहे, पण तो वायने केलेला नाही.

‘घरं नकोत म्हणणारे’ हे लेबलही लावू नका. गावाने स्वतःचा विकास आराखडा केला, तो 2016 मध्ये मंजूर झाला, आणि त्यात कॉलेजच्या रिकाम्या जागेवर घरं बांधायला मोकळीक आहे. बांधलेल्या जागेवर, गावाला पेलतील इतकी. स्टेशनलगतच्या रेल्वे फाटकाशी गाड्यांची रांग कशी लागते हे एकदा पाहिलंत तर 4,000 घरांचा हिशेब तुम्हीच कराल.

राहिला माझ्या घराचा प्रश्न. मी ॲशफर्डच्या कडेला नव्या वसाहतीत राहतो. आमच्या गल्लीच्या जागी पूर्वी शेत होतं. ॲशफर्डला हजारो घरं होणार हे सगळ्यांना माहीत होतं, नकाशे लागले होते, हरकती मागवल्या होत्या, बऱ्याच आल्याही होत्या. माझ्या घराला विरोध करणाऱ्यांपैकी एकजण आता माझा शेजारी आहे आणि आमचं उत्तम चाललंय.