नमुना लहान आहे

आज संध्याकाळी साडेसहाला स्वारगेटला एका रिक्षावाल्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडे. मी "सहकार..." एवढंच म्हणतोय तोवर त्याने मान फिरवली. "नगर" माझ्या तोंडातच राहिलं. अजून तिथेच आहे.

भाडं नाकारणं गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १७८ मला पाठ आहे. पण ते म्हणून दाखवेपर्यंत रिक्षा सारसबागेला पोचलेली असते.

दुखणं वेगळंच आहे. बायकोला रिक्षा मिळते. जागा तीच, सहकारनगरही तेच. म्हणून मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर नोंदी ठेवायला लागलो. पहिल्याच रिक्षावाल्याने नाही म्हटलं की त्या खेपेपुढे फुली. वीस खेपा माझ्या, वीस तिच्या. मला १२ नकार, तिला ८. साठ टक्के विरुद्ध चाळीस. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

तर शेजारी येऊन उभे राहिले आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले, पण ते फक्त विद्यार्थ्यांपुरते. मी हौसेने वही पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती नाकाशी नेली.

"नमुना लहान आहे."

मला वाटलं, रिक्षावाल्याबद्दल बोलतायत. तो तर चांगला सहाफुटी होता.

"वीस खेपांनी काय होतंय? काही फरक नसतानाही एवढं अंतर पाचातून एखाद्या वेळी नुसत्या योगायोगाने पडतं."

"म्हणजे फरक नाही?"

"असं मी कुठे म्हटलं?" काका दुखावले. "तुमच्या नोंदींची पॉवर कमी आहे."

"चष्म्यासारखी?"

"अगदी! चष्म्याशिवाय तुम्हाला पीएमपीची पाटी दिसली नाही, तर बसला पाटीच नाही म्हणाल का? साठ-चाळीसचा फरक अगदी खरा धरला, तरी वीस-वीस खेपांत तो पकडला जायची शक्यता चारात एक. निदान ऐंशी टक्के तरी हवी."

त्यांनी माझ्याच पेनाने माझ्याच वहीत, दुधाच्या थकबाकीवर, आकडेमोड केली. "९७. प्रत्येकी."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण विचारलं, "आणि खरा फरक वीसचा नसून दहाचाच असेल तर?"

काकांचा चेहरा असा उजळला की त्यांच्या वर्गात हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नसावा. "३९२! फरक निम्मा, खेपा चौपट!"

"३९२ नंबर गेली का हो?" मागून एका बाईंनी विचारलं.

काका थांबले नाहीत. १९७८ साली म्हणे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ७१ चाचण्या तपासल्या होत्या. सगळ्या 'उपचाराने फरक पडला नाही' म्हणणाऱ्या. त्यातल्या ५० अशा निघाल्या, की रोगी पन्नास टक्क्यांनी सुधारले असते तरी ते नजरेतून सुटायची भीती दहा टक्क्यांहून जास्त होती. रोगीच कमी घेतलेले! म्हणजे मोठमोठ्या डॉक्टरांचं हे असं, आणि हिशेब मागायचा तो माझ्याकडे. मला बघून भाडं नाकारायला त्या रिक्षावाल्याला किती नमुना लागला? एक पिशवी. तिच्यातून कोथिंबीर डोकावत होती, बस्स. आणि मी गुडघा चोळत ९७ वेळा हात करायचा.

बायकोला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं, कारणही सांगितलं. "फरक नाही म्हणाले ना काका?" ती म्हणाली. मी म्हटलं, नाही असं नाही म्हणाले, सिद्ध झाला नाही म्हणाले. "तेच ते. अहो, तुम्ही विचारता असं की उसने मागताय. आणि माझ्या खेपा मोजणं आता पुरे."

तेवढ्यात काकांनी हात केला. रिक्षा थांबली. "सहकारनगर," काका म्हणाले, पूर्ण शब्द. तो हो म्हणाला. मी पिशवी उचलून पुढे सरकलो, तर काकांनी तळहात आडवा धरला.

"तुम्ही नको. ही माझी खेप. तुमच्या नोंदीत भेसळ होईल."

आणि गेले. एकटे.

मी वही उघडली. २१वी खेप, फुली. अजून ७६.