काखेतल्या एका सुईने दंड बधिर होत नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'दंडाचं हाड मोडलं तर पूर्ण भूल घेऊ नका. सोनोग्राफीवर बघून काखेत एक सुई, की हात बधिर. धोका शून्य, उपाशी राहायची गरज नाही.'

'काखेत एक सुई': ब्लॉक म्हणजे नसांभोवती औषध टोचून भाग बधिर करणं. काखेतला ब्लॉक कोपराखालच्या कामाचा. गंमत म्हणजे ॲक्सिलरी (म्हणजे 'काखेतली') नावाची नसच त्यातून सुटते, कारण ती आधीच खांद्याकडे वळलेली असते. हाड खांद्याजवळ मोडलं असेल तर मानेतला इंटरस्केलीन ब्लॉक. दंडाच्या मध्यावर किंवा कोपराच्या वर मोडलं असेल तर कॉलरबोनच्या वरून दिलेला सुप्राक्लॅव्हिक्युलर. इंटरस्केलीनमध्ये करंगळीकडची नस बऱ्याचदा बधिर होत नाही. शिवाय दंडाच्या आतल्या बाजूची कातडी छातीतून येणाऱ्या टी-2 नसेकडे असते. तिच्यासाठी काखेत कातडीखाली औषधाचे 5 मिली वेगळे टोचावे लागतात, नाहीतर चीर आतल्या बाजूला घेताच पेशंट कळवळतो.

'धोका शून्य': पडद्यावर धमनी दिसते, फुप्फुसाचं आवरणही दिसतं. पण सुईचं टोक दिसत नसताना ती पुढे सरकवली, तर मशीन काय करणार? इंटरस्केलीनला 20 मिली दिले की त्या बाजूचं श्वासपटल जवळपास दर वेळी ढिलं पडतं. धडधाकट माणसाला पत्ताही लागत नाही; सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) आजोबांना मात्र धाप लागते. मात्रेचं गणित तर मेसेजमध्ये नाहीच. बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध वजनाच्या किलोमागे साधारण 2 मिग्रॅ, म्हणजे 50 किलोच्या बाईंना 100 मिग्रॅ, 0.5 टक्क्याचे जेमतेम 20 मिली. काखेतले 5 मिलीही त्यातच धरायचे. मात्रा जास्त झाली किंवा औषध रक्तात गेलं, तर जिभेवर धातूची चव, कानात गुणगुण, मग झटके. त्यासाठी 20 टक्क्यांचं लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) हाताशी हवं.

'उपाशी राहायची गरज नाही': ब्लॉक अर्धवट बसला तर पूर्ण भूल द्यावीच लागते. म्हणून उपाशी राहायचंच: हलक्या खाण्यानंतर 6 तास, साध्या पाण्यानंतर 2. मामलेदारची तर्रीदार मिसळ खाल्ली असेल तर 8.

पूर्ण भूल टाळता येते, एवढं मेसेजमधलं खरं. पण ब्लॉकआधी पेशंटला मनगट वर उचलायला सांगून ते केसपेपरवर लिहायलाच हवं. रेडियल नस दंडाच्या हाडाला लगटून वळते, फ्रॅक्चरमध्येच दुखावलेली असू शकते. ब्लॉकनंतर मनगट कित्येक तास लुळंच असतं. नंतरही ते लुळंच राहिलं, तर ते मोडलेल्या हाडाने झालं, ऑपरेशनात बसवलेल्या प्लेटने की सुईने, हे कुणालाच सांगता येत नाही.