चिमटे, कठडे आणि ‘परदेशात असं नसतं’

सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच ठराव फिरतोय: रस्त्याकडच्या गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते. पाठिंबा देणाऱ्यांचं ठेवणीतलं वाक्यही तेच. “परदेशात कुठे दिसतात का असे कपडे लोंबताना?”

दिसतात हो. मी राहतो त्या ऑस्ट्रेलियात तर ढळढळीत दिसतात. घरामागच्या हिरवळीच्या मधोमध लोखंडी खांब आणि त्यावर उघडलेल्या छत्रीसारखे चार हात, हातांमधून ताणलेल्या तारा. ही वस्तू इथल्या लोकांना इतकी आपली वाटते की चित्रांत, कार्टूनांत, देशाच्या थट्टेत सगळीकडे ती हजर असते. ॲडलेडच्या लान्स हिलने १९४५ मध्ये ती आपल्या घरामागे उभी केली आणि पुढे हिल्स हॉइस्ट या नावाने घरोघरी पोचवली. त्याच्या आधी गिल्बर्ट टॉइनने १९२६ मध्ये दात्यांच्या चाकाने वर-खाली होणाऱ्या अशाच खांबाचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे ओले कपडे लोकांना दिसतील असे उंच कसे चढवता येतील, यावर या ‘परदेशाने’ डोकं चालवलं. आपण डोकं चालवतोय ते लपवण्यावर.

लपवण्याची कल्पना येते ती अमेरिकेतून. तिथल्या आखीव वसाहतींच्या नियमावल्यांत कपड्यांच्या दोरीला बंदी असायची, अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. पण गंमत अशी की त्या बंदीविरुद्ध तिथेच कायदे झाले. फ्लोरिडात तो बऱ्याच आधीपासून आहे, कोलोरॅडोने २००८ मध्ये केला, व्हरमाँट आणि मेन या राज्यांनी २००९ मध्ये. कॅनडातल्या ओंटारियोनेही २००८ मध्ये असल्या बंद्या मोडीत काढल्या. जी गोष्ट ते कायद्याने सोडताहेत ती आपण बहुमताने धरतोय.

शोभेचा मुद्दा बाजूला ठेवला तर खालच्या मजल्यावरच्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्या तीनच: वरून पाणी ठिबकतं, कपडे उडून येतात, गंजाचे ओघळ भिंतीवर उतरतात. तिन्हींची कारणं तांत्रिक आहेत, संस्कृतीशी त्यांचा काही संबंध नाही. ठिबकणं हा पिळण्याचा प्रश्न. मशीनचं स्पिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर ठेवलं तर पाच किलो सुती कपड्यांत साधारण तीन लिटर पाणी उरतं, आणि ते ठिबकत नाही, नुसतं वाफेने जातं. आठशेच्या खाली ठेवलं, किंवा ‘कपडे चुरगळतात’ म्हणून स्पिन बंदच केलं, की खालच्यांच्या कुंड्यांना आयतं पाणी. हाताने पिळणाऱ्यांनी जाड कपडे न्हाणीतल्या दांडीवर अर्धा तास निथळू द्यावेत, मग बाहेर न्यावेत.

उडून जाणं हा चिमट्याचा प्रश्न. आणि इथे मला आपल्याकडच्या मंडळींचा खरा राग येतो. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्यांवर तासन्‌तास चर्चा करणारी माणसं चिमटे मात्र रंग बघून उचलतात.

स्वस्त चिमटा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. उन्हातली अतिनील किरणं त्यातल्या लांब साखळ्या तोडतात. आधी रंग उडतो, मग पृष्ठभाग खडूसारखा होतो. अंगठ्याने चोळलं की बोटाला पांढरी पूड लागली तर तो चिमटा संपला असं समजायचं. तुटतो तो नेहमी स्प्रिंग बसते त्या खाचेशी, कारण सगळा ताण तिथेच येतो. म्हणून एक पाय हातात राहतो, दुसरा खालच्याच्या गॅलरीत जातो, आणि स्प्रिंग मात्र ठणठणीत असते. इथल्या उन्हाळ्यात यूव्ही (अतिनील) निर्देशांक बारावर जातो, पण आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊनही काही कमी नाही, त्यामुळे ‘तिकडचं हवामान वेगळं’ ही सबब चालणार नाही. चिमटा मरतो तो वापराने नाही, दोरीवर राहून. आठवड्यातून दोनदा कपडे धुतले आणि दरवेळी ते सहा तास वाळले, तर काम झालं बारा तासांचं. दोरीवरच सोडलेल्या चिमट्याने ऊन खाल्लं सत्तर तासांचं. कपड्यांबरोबर चिमटेही काढून पिशवीत टाकले की तोच माल कितीतरी जास्त टिकतो. पिशवीला तळाशी भोकं हवीत, नाहीतर आत ओल साठते आणि स्प्रिंगा गंजतात.

लाकडी चिमट्याला ऊन फारसं बाधत नाही, त्याचा शत्रू पाऊस. व्हरमाँटच्या डेव्हिड स्मिथने १८५३ मध्ये दोन पाय आणि मध्ये स्प्रिंग अशा चिमट्याचं पेटंट घेतलं, सोलोन मूरने १८८७ मध्ये तीच स्प्रिंग तारेच्या वेटोळ्याची केली, आणि तेव्हापासून रचनेत मोठा फरक पडलेला नाही. दोषही तेच राहिले. लाकूड फुगतं, आक्रसतं, खाच सैल होते आणि जरा आडवा पीळ बसला की स्प्रिंग बाजूला सटकते. सटकलेली स्प्रिंग फेकायची नसते. एक पाय आधी वेटोळ्याखाली सरकवायचा, तारेचं टोक त्याच्या बाहेरच्या खाचेत बसवायचं, मग दुसरं टोक नखाने उचलून दुसरा पाय आत ढकलायचा. खट्‌ असा आवाज आला की बसली. बांबूचे चिमटे हलके आणि गुळगुळीत असतात, पण रेषेत उभे चिरतात. आणि काळे ठिपके पडलेलं लाकूड पांढऱ्या सदऱ्याला लावू नये, ती बुरशी असते.

कपड्यांवर गंजाचे डाग चिमटा खोल घातल्याने पडतात. ओलं कापड वेटोळ्याला टेकलं की रात्रभरात तांबूस ठसा उठतो. कापड जबड्यात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच जावं. डाग पडलाच तर ब्लीच लावू नका, त्याने तो पक्का होतो. लिंबाचा रस किंवा ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी लावावं आणि स्वच्छ धुवावं.

एकाच तारेला वाकवून केलेला स्टीलचा चिमटा हा माझा पक्ष. त्यात सुटणारा भागच नाही. पण ‘स्टेनलेस’ या शब्दावर जाऊ नये. २०१ प्रतीच्या स्टीलमध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, समुद्राच्या वाऱ्यात त्यावर लवकर ठिपके येतात. ३०४ बरं. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी ३१६ बघावं, त्यात मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेला तेच तोंड देतं. दुकानात लोहचुंबक लावून ‘चिकटला म्हणजे नकली’ असं सांगणारे भेटतात. ती परीक्षा इथे चालत नाही. ओढून बारीक केलेली ३०४ ची तार थोडी चिकटते आणि २०१ बऱ्याचदा चिकटत नाही. त्यापेक्षा पाकिटावर प्रतीचा आकडा छापलाय का ते बघावं, आणि पुरवठादार आकडा सांगायला कां-कूं करत असेल तर पुढच्याकडे जावं.

तारेची जाडी १.७ मिलिमीटरपासून २.५ पर्यंत मिळते. जाड तार चादरी आणि टॉवेल वाऱ्यातही धरून ठेवते, पण दुखऱ्या बोटांना ती दाबवत नाही आणि मलमलीवर वळ उठवते. घरात वयस्कर माणूस कपडे वाळत घालत असेल तर पातळ तारेचे घ्यावेत आणि संख्या वाढवावी. तारेची कापलेली टोकं मात्र तपासून घ्या. नखाचा मागचा भाग त्यांवरून फिरवा, जरा जरी अडकला तर तिथे विणीचा धागा ओढला जाणार. प्लास्टिक किंवा लाकडी असेल तर जबडा मिटवून उजेडासमोर धरा. मधूनच फट दिसली की दात पूर्ण टेकत नाहीत, वाऱ्यात कापड सरकणार. मग दोन्ही पाय धरून आडवा पीळ द्या. जो चिमटा हातात हलतो, तो दोरीवर सुटतो.

किती लागतात? शेजारच्या दोन कपड्यांची टोकं एकाच चिमट्यात धरली तर दहा कपड्यांना अकरा पुरतात, वेगवेगळे लावले तर वीस. जाड कपडे मात्र असे जोडून घालू नयेत, जोडाची जागा ओली राहते. सदरा खालच्या काठाने उलटा, शिवणीवर चिमटा, म्हणजे खांद्यांवर शिंगं येत नाहीत. पँट उलटी करून कमरेने, खिसे बाहेर. टॉवेल आधी दोन्ही हातांनी जोरात झटकायचा, त्याने तंतू उभे राहतात आणि खरखरीतपणा कमी होतो. लोकरी विणकाम दोरीवर घालायचंच नाही, पाण्याच्या वजनाने ते लांबतं. आडवं पसरावं.

दोरीबद्दल एक गोष्ट कुणीच सांगत नाही. ती जितकी ताठ, तितका हूक लवकर उपटतो. चार मीटर दोरीच्या मधोमध पाच किलो ओले कपडे आणि झोळ दहा सेंटिमीटर, असं असेल तर प्रत्येक हुकावर पन्नास किलोच्या जवळपास ओढ येते. झोळ वीस सेंटिमीटर ठेवला तर ती पंचविसावर येते. म्हणून गिलाव्यात ठोकलेला खिळा आणि सतारीसारखी ताणलेली तार हे जोडपं दोन महिन्यांत भिंतीचा पोपडा घेऊन खाली येतं. हूक विटेत किंवा काँक्रीटमध्ये, प्लगने बसवावा. दोन दोऱ्यांत वीतभर अंतर हवं, मधून वारा खेळला नाही तर ऊन असूनही कपडे उशिरा वाळतात.

पावसाळ्याचं विचाराल, तर तिथे माझा परदेश फारसा कामाचा नाही. दमट हवेत सुती कापड स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी धरून बसतं, कितीही वेळ टांगा. कुबट वास येतो तो मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूमुळे, आणि त्याला लागतो वेळ. तेव्हा सुगंधी द्रव ओतण्यापेक्षा वाळण्याचा वेळ तोडावा: जास्तीचं स्पिन, कपड्यांत चार बोटं अंतर, पंखा छताचा नव्हे तर टेबलाचा आणि तोही खालून वर रोखलेला, खिडकी एक तरी उघडी. बंद खोलीत वाळवलं तर ते तीन लिटर पाणी भिंतीवरच जातं. इथल्या थंडीत बंद घरात स्टँड लावणाऱ्यांच्या खिडक्या पाझरतात, मग कोपऱ्यात काळी बुरशी येते, आणि भाड्याचं घर सोडताना बाँडमधून, म्हणजे अनामत रकमेतून, पैसे जातात. म्हणजे शहाणपणाचा मक्ता इकडेही कुणाकडे नाही.

आता जे सुरुवातीला सांगायला हवं होतं ते. हिल्स हॉइस्ट ही बंगल्याची गोष्ट. इथे फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला स्ट्राटाचे, म्हणजे इमारतीच्या सामाईक मालकीचे, नियम लागतात, आणि न्यू साउथ वेल्सच्या २०१६ च्या नमुना नियमांत लिहिलंय की कपडे आपल्या जागेत कुठेही वाळत घाला, बाल्कनीच्या कठड्यावर सोडून, आणि वाजवी वेळेपुरतेच. जुने नियम याहून कडक होते. बाहेरून दिसेल असं काही टांगायला परवानगी लागायची. ग्रुपवर वाद घालताना मी बंगला दाखवतो आणि फ्लॅट झाकतो. ते न्यूयॉर्क दाखवतात, मी ॲडलेड. परदेश ही दोन्ही बाजूंची दंडुक्यासारखी वापरायची वस्तू आहे, आणि माझ्या हातातला दंडुका जरा जास्त खरा वाटतो तो केवळ मी इथे राहतो म्हणून.

खरं तर त्या ठरावावर मला मताचा अधिकार नाही. घर नातेवाइकांच्या नावावर, ग्रुपमध्ये मला ठेवलंय ते मुरवतीपोटी. चिमट्याला माझ्या तोंडात आधी ‘पेग’ येतं. आपल्याकडे दक्षिणेची गॅलरी उन्हाची, इथे उत्तरेची. हल्ली तिकडचा नकाशा डोळ्यांपुढे आणतानाही ऊन चुकीच्या बाजूने येतं. तरी इमारतीच्या तोंडावर कपडे दिसू नयेत म्हणून कुणी बोललं की मलाच लागतं, जणू माझेच कपडे उतरवायला सांगितलेत.

तेव्हा ठराव करायचाच तर असा करा. कठड्यावर काही टाकायचं नाही, हे मान्य. दोरी कठड्याच्या आत, हातभर अंतरावर आणि वरच्या कडेच्या चार बोटं खाली. सदरा उलटा टांगला तर पाऊण मीटर लोंबतो, मीटरभर उंचीच्या जाळीच्या कठड्यामागे तो रस्त्यावरून डोळ्यांत भरत नाही आणि वाराही मिळतो. कठडा भरीव असेल तर वारा अडतो, तिथे छताची पुलीची दांडी अर्ध्यावर उतरवून ठेवावी. अडतं ते फक्त चादरीपाशी. सव्वादोन मीटरची चादर दुमडून घातली तरी मीटरहून थोडी जास्तच लोंबते, म्हणजे फरशीला लागते. तिघडी केली तर मधला पदर संध्याकाळपर्यंत ओलाच. चादरींना गच्ची हवी, आणि गच्चीच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते याबद्दल त्या ठरावात एक ओळही नाही.