खुनी कळला, मग पुढे?

रविवारी रात्री कट्ट्यावर विषय निघाला ‘ला रेसिदेन्सिया’चा. १९६९चा स्पॅनिश भयपट, दिग्दर्शक नार्सिसो इबान्येस सेर्रादोर. (ज्यांना बघायचाय त्यांनी इथेच थांबा, पुढे शेवट फोडलाय.)

मन्याने आल्या आल्या निकाल लावला, “रहस्यपट म्हणून फुसका आहे. एकोणिसाव्या शतकातलं फ्रान्समधलं मुलींचं वसतिगृह, मुली एकेक करून गायब होतात आणि मुख्याध्यापिकेचा पोरगा चोरून डोकावत असतो. खुनी ओळखायला डोकं कशाला लागतंय?”

“ओळखलास ना? मग तो का मारतो ते सांग.”

“वेडा आहे म्हणून!”

इथे मला राहवेना. तो वेडा जन्मला नाही रे, घडवला गेलाय. आई, मादाम फूर्नो, त्याला ऐकवत राहते की या मुली तुझ्या लायकीच्या नाहीत, तुला माझ्यासारखी हवी. पोरगा ते शब्दशः घेतो आणि मेलेल्या मुलींचे अवयव जोडून तशी बाई तयार करतो. लिली पामरने या आईची राक्षसीण केलेली नाही. मुलाला जवळ घेताना तिची माया खरी वाटते, तिथेच मला धडकी भरली.

बापूंनी चहाचा कप खाली ठेवला. “साल बघा. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको १९७५पर्यंत सत्तेवर होता, सेन्सॉरची कात्री सतत वर. त्या काळातले कितीतरी स्पॅनिश भयपट परदेशात घडतात. इथेही गोष्ट फ्रान्सची, पण बाहेरून दिसतो तो वाडा स्पेनमधल्याच कांताब्रियातल्या कोमिल्यास गावचा.”

“म्हणजे प्रत्येक कुलपात फ्रँको शोधायचा का, बापू?”

“प्रत्येक नको. या वाड्यातल्या कुलपांत शोध.”

मला तर शिवणाच्या वर्गाचा प्रसंग अजून सोडत नाही. एक मुलगी बाहेर लाकूडतोड्याला भेटायला गेलीये आणि वर्गातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. कुणी चकार शब्द काढत नाही. कॅमेरा फक्त सुया, बोटं आणि ओठ दाखवतो. अंगाला हात न लावता कोंडलेपण एवढं दाखवलंय की सेन्सॉरने कापायचं तरी काय?

मन्याचा खरा राग तेरेसावर, वसतिगृहात नव्याने आलेल्या नायिकेवर होता, म्हणजे तिच्या मरण्यावर. “तासभर तिच्याबरोबर चाललो. ती पळून जाणार तेवढ्यात गळा चिरला, चित्र गोठलं, संपलं. हिचकॉकच्या ‘सायको’त १९६०लाच हे, नायिकेला मध्येच मारणं, करून झालंय.”

“झालंय, मान्य. पण तिथे नंतर शोध घेतं कोण? बहीण आणि प्रियकर. इथे शोध घेते इरेन, जी आदल्या दिवसापर्यंत मुख्याध्यापिकाबाईंचा उजवा हात होती आणि मुलींना चाबकाने मारत होती. त्या वाड्यात खरं शोधायला तेवढीच उरते. आणि तिलाही हात गमवावे लागतात.”

यावर मन्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “शेवटी पोरगा आईलाच त्या शिवलेल्या देहाबरोबर कोंडतो आणि ती किंचाळते. मला वाटतं ती घाबरून किंचाळते.”

बापू म्हणाले, “मला वाटतं, तिला स्वतःचं बोलणं आठवलं.”

त्यावर साडेअकरापर्यंत भांडलो. दोघेही हटले नाहीत.